बापाला ऐकवण्यासारखं

मी पोर्तुगालहून परत आलो त्याला सात-आठ महिने झाले असतील, तेव्हा, तिकडे मी ज्याच्याबरोबर राहत होतो, त्याचे वडील पहिल्यांदा आमच्या दुकानात आले. राजारामपुरीत आमचं चष्म्याचं दुकान आहे. वडील गेल्यानंतर, मी बाहेर होतो ती चार वर्षं, आईने ते एकटीने चालवलं. त्या शनिवारी ती वर जेवायला गेली होती आणि मी एका शाळकरी मुलीच्या चष्म्याची काडी सरळ करत बसलो होतो. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, असे एक गृहस्थ पायरीवर थांबले. चपला काढाव्यात की नकोत, अशा घोळात थोडा वेळ गेला. मग काढून आत आले.

मी त्यांना लगेच ओळखलं. खरं तर त्यांचा फोटोसुद्धा मी कधी पाहिला नव्हता. पण खालचा ओठ आत ओढून समोरच्याकडे बघायची ती तऱ्हा मी चार वर्षं रोज पाहिली होती.

"पावणं," ते म्हणाले, "ह्येचा स्क्रू ढिला झालाय. जरा बघा की."

स्क्रू किंचित ढिला होता. मी घट्ट केला, काचा पुसल्या, चष्मा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घातला नाही.

"तुम्हीच न्हवं आमच्या पोराबर तिकडं हुतासा?"

"हो."

"मी त्येचा बाप. कागलास्नं आलोय. तुमच्या दुकानाचं पोरगा बोललाता." ते स्टुलावर बसले. "दीड वरीस झालं, फोन न्हाय त्येचा. तुमच्याशी तर बोलतोय का?"

"कामात असेल," मी म्हणालो. "बेकरीत पहाटेपासून काम असतं तिकडं. बरा आहे तो."

तो बरा आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. मी निघून आल्यावर महिनाभरात त्याचा नंबर बंद झाला होता. मी पाठवलेल्या निरोपांवर एकच टिक यायची आणि ती तशीच राहायची. पण हे मी त्यांना सांगितलं नाही. आबा म्हणाले, "बरा हाय म्हंतासा, मग बास," आणि चपला घालून उतरले. त्याच्या तोंडी त्यांचा उल्लेख नेहमी 'आबा' असाच असायचा. माझ्याही मनात दुसरं काही आलं नाही.

आमची, म्हणजे त्याची आणि माझी, ओळखही ह्याच काउंटरवर झाली होती. तो तेव्हा शाहूपुरीतल्या एका बेकरीत कामाला होता. दर पंधरा दिवसांनी मोडकी फ्रेम घेऊन यायचा. कधी काडी, कधी नाकावरची पट्टी. चौथ्या वेळी मी म्हणालो, "ही मोडलेली नाही. मोडून आणलेली आहे."

"मग काय करू?" तो म्हणाला. "डोळं तर चांगलं हाईत माझं. दुसरं काय निमित्त काढू?"

मागच्या अंधाऱ्या खोलीत मी त्याचा नंबर तपासायचो, तेव्हा तक्त्यावरची शेवटची ओळ तो मी भिंग बदलायच्या आधीच म्हणून टाकायचा. पाठ झाली होती त्याला.

दोन वर्षं आम्ही कोल्हापुरात काढली. दोन पुरुष एका मोटारसायकलवर बसून पन्हाळ्याला गेले तर कोणी मागे वळून बघत नाही. रंकाळ्यावर तासन् तास बसले तरी कोणाला काही वाटत नाही. आम्हाला हवं होतं ते एक दार, आतून कडी लावता येईल असं. त्याच्या ओळखीतला एकजण पोर्तो शहरातल्या एका बेकरीत होता. तिथे त्याला काम मिळालं आणि वर्षभराने मीही गेलो. माझं शिक्षण तिथे चालणारं नव्हतं, म्हणून मी एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या करायचं काम धरलं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. दाराला आतून कडी होती.

पहिली थंडी सुखाची गेली. तो पहाटे जायचा, मी दुपारी. मधल्या दोन-तीन तासांत आम्ही जेवायचो, भांडी घासायचो, खिडकीतून समोरच्या बाईचे वाळत घातलेले कपडे बघत बसायचो. पावसात ते कपडे ती तसेच ठेवायची, ह्याचं त्याला फार वाईट वाटायचं.

मग कुठून सुरू झालं ते मला नीट सांगता येत नाही. रस्त्यात तो माझा हात धरायचा, आणि कुठल्याही भारतीय भाषेतला शब्द कानावर पडला की सोडायचा. मला ते लागायचं. मी टोमणे मारायचो. तो दोन-दोन दिवस घरी यायचा नाही. आला की कुठे होतास हे सांगायचा नाही. मी त्याचा फोन तपासायला लागलो. एकदा त्याने भाताचं पातेलं भिंतीवर फेकलं. एकदा मी त्याच्या थोबाडीत मारली आणि नंतर रडत त्याच्या गालावर ओला टॉवेल धरून बसलो. परदेशात भांडण झालं की कुठे जायला जागा नसते. कोल्हापुरात निदान आपापल्या घरी तरी गेलो असतो. तिथे भांडायचं तिथेच आणि झोपायचंही तिथेच.

एका रविवारी सकाळी असंच पेटलं. कशावरून ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मी त्याचा फोन उचलला आणि म्हणालो, "थांब. तुझ्या आबांनाच सांगतो आपण इथं कसे राहतो ते."

"लावून दाखव," तो म्हणाला. त्याला वाटलं मी लावणार नाही.

मी लावला. मोठ्या आवाजावर ठेवला. तिकडे कागलात घंटी वाजत राहिली. मग एक आवाज आला, "हॅलो? बोल की रं. हॅलो?" मागे म्हैस ओरडली. मी त्याच्याकडे बघत होतो. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कुठल्याही माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. राग नव्हता तो. मी त्याला जिवंत ठेवतो की नाही, याची तो वाट बघत होता.

"हॅलो? आवाज यीना रं," आबा म्हणत होते. मी फोन बंद केला.

त्यानंतर त्याने घरी फोन करणं सोडून दिलं. घरून आलेला उचलायचा नाही. नंतर त्याने नंबरच बदलला आणि घरच्यांना दिला नाही. मी एकदा म्हणालो, "मी परत असं करणार नाही." तो म्हणाला, "माहीत हाय." एवढंच. पण आम्ही एकाच खोलीत राहत होतो आणि तो माझ्यासमोर फोन पालथा ठेवायला लागला होता.

फेब्रुवारीत मी निघालो. बॅगेची चेन लागेना, तेव्हा तोच तिच्यावर बसला आणि मी चेन ओढली. "पासपोर्ट घेतलास न्हवं?" असं त्याने दोनदा विचारलं. खाली उतरला नाही.

तर अशा त्या माणसाचे वडील आता दर शनिवारी येऊ लागले. मार्केटला काही काम काढून यायचे, आणि स्क्रू ढिला झालेला असायचा. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं, तो ढिला होत नव्हता, कोणीतरी नखाने फिरवून ढिला करत होतं. मी घट्ट करून द्यायचो. ते एखादा प्रश्न विचारायचे. थंडी किती पडते. भाकरी मिळते का. खोलीत ऊन येतं का. मी उत्तरं द्यायचो, आणि सगळी वर्तमानकाळात द्यायचो. भाकरी मिळत नाही, पण तांदूळ मिळतो, तो करतो. ऊन दुपारी येतं. ती खोली, तो, खिडकी, सगळं माझ्या बोलण्यात चालूच होतं. शनिवारची संध्याकाळ मला फार जड जायची. आई समोर बसून बोलत असायची आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात कोणाची पावलं वाजतात का ते ऐकत असायचो. इकडे, राजारामपुरीत. पावाचा वास आला की मी दाराकडे बघायचो. गिऱ्हाईक तक्ता वाचत शेवटच्या ओळीपाशी पोचलं की ते वाचायच्या आधीच मला ती ओळ त्याच्या आवाजात ऐकू यायची, इतकी स्पष्ट, की एकदा मी अंधारात मागे वळून बघितलं. खुर्चीतल्या बाई घाबरल्या. "कोण हाय?" म्हणाल्या. "कोणी नाही," मी म्हणालो.

दिवाळीनंतर एका शनिवारी आबा चष्मा न काढताच बसले.

"एक मागायचं हाय. व्हय म्हंशील?" तोवर ते मला अरेतुरे करू लागले होते.

"सांगा की."

"त्येच्या आईला त्येचा आवाज ऐकायचा हाय. रोज म्हंतीया. आमच्या फोनात कायबी न्हाय. तुझ्या फोनात असंल की. आता माणसं बोलून बोलून धाडत्यात तसलं."

माझ्या फोनात होतं. शेकडो होतं. तो लिहायचा आळशी, सगळं बोलूनच पाठवायचा. परत आल्यापासून त्यातलं एकही मी उघडलेलं नव्हतं.

"बघतो," मी म्हणालो. "पुढच्या शनिवारपर्यंत काढून ठेवतो."

त्या आठवड्यात रोज दुपारी, आई वर गेली की मी मागच्या खोलीत बसून ऐकत होतो. बापाला ऐकवण्यासारखं एक तरी हवं होतं. काही होती ती मी स्वतःसुद्धा कानाला फोन चिकटवून, आवाज बारीक करून ऐकली. काहींत शिव्या होत्या. एकात तो काहीच बोलत नव्हता, मिनिटभर नुसता श्वास आणि शेवटी "जाऊ दे." एकात माझी माफी मागत होता, आणि ती माफी मी तेव्हा ऐकलीच नव्हती, कारण मी रागात होतो. तिच्याखाली ऐकल्याची निळी खूण नव्हती. चार वर्षांतला माणूस असा तुकड्या-तुकड्यांनी कानात शिरत गेला, आणि पाचव्या दिवशी मला कळेना की मी हे त्याच्या आईसाठी करतोय की आणखी कशासाठी.

शुक्रवारी एक सापडला. बेकरीच्या गाडीतून तो कुठल्याशा खेड्यात पाव पोचवायला गेला होता. वारा ऐकू येतो. तो म्हणतो, "अरं, हितं गाई हाईत. पावसात उभ्याच. कुणी गोठ्यात नेईना त्यास्नी. शिंगं कापल्यात सगळ्यांची. आबा असतं तर उतरून मालकाला इचारलं असतं, किती लिटर देतीया म्हणून." मग हसतो, बराच वेळ. मग आवाज खाली येतो. "झोपलास काय? झोप. उठवत न्हाय. येताना पाव घेऊन येतो, गरम हाय तवर खाऊ."

शेवटचं तेवढं कापावं असं मनात आलं. कापायचं कसं ते शोधलंही. मग तसंच ठेवलं.

शनिवारी आबांना ऐकवलं. त्यांनी फोन दोन्ही हातांत, ताटासारखा धरला. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." तीनदा ऐकलं. शिंगांपाशी ते हसले, अगदी त्याच्यासारखे. तिसऱ्यांदा शेवटचं वाक्य झालं आणि ते तसेच फोनकडे बघत राहिले.

"हे कुणाशी बोलालाय?"

"माझ्याशी."

"घरात असा कवा बोलला न्हाय," आबा म्हणाले. "इतकं मऊ."

रस्त्यावरून रिक्षा गेल्या. मग ते म्हणाले, "त्येचा शेवटचा फोन आलता न्हवं, तवा मी धारंला बसालतो. हॅलो हॅलो केलं, पर कुणी बोललंच न्हाय. त्येच्यानंतर बंदच. मी सारखं म्हंतो, त्या वक्ताला पोराला कायतरी सांगायचं हुतं. आवाज यीना म्हटल्यावर मी ठेवाय नगो हुता."

"तुम्ही नाही ठेवला. मी ठेवला," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. "तो फोन मी लावला होता, आबा."

"तू? का?"

"आमचं भांडण झालं होतं. त्याला भीती घालायला. म्हणालो, तुझ्या आबांना सांगतो."

"काय सांगणार हुतास?"

मी काउंटरच्या काचेखालच्या फ्रेमांकडे बघत सांगितलं. "आम्ही दोघं एकत्र राहत होतो. मित्र म्हणून नाही. नवरा-बायको राहतात तसं. इथंही तसंच होतं, तिकडं जाण्याआधी. माझ्या त्या फोनला घाबरून त्याने तुमच्याशी बोलणं सोडलं. माझ्यामुळं."

आबांनी चष्मा काढला. डोळे चोळले. मग उठले, चपला घातल्या आणि गेले. चष्मा काउंटरवरच राहिला.

मी थोडा वेळ त्या चष्म्याकडे बघत बसलो. मग लक्षात आलं की त्याच्याशिवाय त्यांना एसटीची पाटी वाचता येणार नाही. इतक्यांदा हातात घेतलेल्या त्या काचांचा नंबर मला ठाऊक होता. आईला हाक मारून दुकान बघायला सांगितलं आणि गाडी काढून स्टँडवर गेलो. ते कागलच्या फलाटावर बाकड्याच्या टोकाला बसले होते. मी चष्मा पुढे केला. त्यांनी घेतला, घातला, पण माझ्याकडे बघितलं नाही. गाडी लागली तसे चढले. खिडकीशी बसले. मी गाडी सुटेपर्यंत उभा होतो.

पुढचे सहा शनिवार ते आले नाहीत.

त्या काळात मी त्याला पत्र लिहिलं. फोन बंद, म्हणून कागदावर, मराठीत, त्याच्या बेकरीच्या पत्त्यावर. बेकरीची मालकीण ते देईल किंवा न देईल, पण वाचू तर शकणार नाही, एवढी खात्री होती. बरंच लिहिलं आणि फाडलं. शेवटी पाठवलं ते एवढंच: 'आबांना सगळं मीच सांगितलं. तुला घाबरवण्यासारखं आता माझ्याकडे काही उरलेलं नाही. मी केलं ते फार वाईट केलं. तुझ्या आईला तुझा आवाज ऐकायचा आहे. त्यांना फोन कर. मला करू नकोस.' शेवटचं वाक्य लिहिताना हात अडला, पण ते खोटं नव्हतं. म्हणजे, अर्धं तरी नव्हतं.

जानेवारीत एका शनिवारी आबा दिसले. दुकानात नाही, समोरच्या फुटपाथवर, रस्त्याकडे तोंड करून. त्यांच्याबरोबर आलेली बाई रस्ता ओलांडून एकटीच पायरी चढली. हिरवी नऊवारी, ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू.

"डोळं तपासायचं हाईत," ती म्हणाली. "सुईत दोरा जाईना." आणि मग, खुर्चीकडे येता येता, "मी त्येची आई."

मी तिला मागच्या खोलीत बसवलं, दिवा बंद केला, तपासणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. अक्षरं तिला येत नव्हती, म्हणून आकड्यांचा तक्ता लावला. एक भिंग घालायचं, विचारायचं, काढायचं, दुसरं घालायचं. दोन-तीन भिंगं झाल्यावर ती अंधारातच म्हणाली, "फोन आलता त्येचा. मंगळवारी."

माझ्या हातातलं भिंग तसंच राहिलं. "काय म्हणाला?"

"रडला. मग म्हशी किती दूध देत्यात त्ये इचारलं. मग परत रडला. बेकरी सोडलीया म्हणाला, दुसऱ्या गावाला असतोय, टपाल तेवढं जुनी मालकीण धाडतीया. सध्या येणार न्हाय." ती थांबली. "ह्येंच्याशी बी बोलला. दोघं बी कायच बोलंनात. नुसतं व्हय, व्हय. पर ठेवला न्हाय कुणी."

"बरं झालं, मावशी."

"तुझं इचारलं न्हाय त्येनं. मीच म्हटलं, त्यो चष्म्यावाला पोरगा भेटतोय आमास्नी. तर गप बसला."

मी भिंग बसवलं. "आता कसं दिसतंय?"

"जरा बरं." मग तिने तसंच, तक्त्याकडे बघत विचारलं, "तुमचं परत जुळण्यासारखं हाय का न्हाय?"

आयुष्यात हा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. माझ्या आईनेही नाही, आणि तिला सगळं माहीत असावं असं मला वाटतं. कोणाच्या नवऱ्याबद्दल, कोणाच्या सुनेबद्दल विचारावं तितक्या सरळपणे ती विचारत होती. अंधार होता ते बरं.

"नाही, मावशी. मी त्याला फार त्रास दिला. त्यानं पण दिला."

"व्हय. भांडकुदळच हाय त्यो. ल्हानपणी भावाचं डोस्कं फोडल्यालं." थोड्या वेळाने म्हणाली, "न्हाय तर न्हाय. पर सारखं त्येच बघत बसू नगो."

मी दिवा लावला. नंबर लिहून घेतला. चष्मा पुढच्या शनिवारी मिळेल म्हणून सांगितलं. ती बाहेर गेली तेव्हा आबा वळले, पिशवी तिच्याकडून घेतली आणि दोघं स्टँडच्या दिशेने चालू लागले. त्यांनी दुकानाकडे पाहिलं नाही. अजूनही ते आत आलेले नाहीत. कधी येतील असं मी धरून चाललेलो नाही.

पुढच्या शनिवारी ती एकटी आली. चष्मा घालून आरशात न बघता तिने सरळ माझ्याकडे बघितलं, जवळ येऊन, न लाजता, पहिल्यांदाच नीट दिसतंय असं.

"गोरा हाईस की," ती म्हणाली. "आणि डोळ्याखाली काळं झालंय. जेवतोस कुठं?"

"वर. आईकडं."

"बरं." तिने पदराने नाक पुसलं, चष्म्याची डबी पिशवीत टाकली, आणि त्याच्या धाकट्या भावाच्या लग्नाचं ठरतंय, मुलगी मुरगूडकडची आहे, असं काहीबाही सांगत बराच वेळ स्टुलावर बसून राहिली.